बिनधुराचा विस्तव

आई जाऊन आता दीड महिना होईल. सकाळी अंगणात ऊन आलं की मी खुर्ची टाकून बसते आणि वहीत चार-सहा ओळी लिहिते. त्याहून जास्त एका दिवशी होत नाही, आणि घाईही नाही. तिच्याबद्दल लिहायला बसलं की बाकीची वर्षं बाजूला सरतात आणि एकच हिवाळा पुढे येतो, एकाहत्तर सालचा, आक्काच्या दुसऱ्या बाळंतपणाचा. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मॅट्रिक झाले होते आणि घरी बसले होते, कारण मला पुढे नगरला कॉलेजात घालायचं की नाही, हे वडिलांचं ठरत नव्हतं.

आमचं घर कोल्हारच्या शिवारात, प्रवरेकडच्या अंगाला. घराला तिन्ही बाजूंनी ऊस आणि उसाला पाटाचं पाणी, त्यामुळे थंडी आमच्याकडे गावापेक्षा आधी यायची आणि उशिरा जायची. संध्याकाळी गुरं गोठ्यात आली की त्यांच्या मागोमाग उसातून गारवा यायचा, ओला, अंगाला चिकटणारा. आईचं या थंडीशी वैर होतं. थंडी पाठीतून शिरते असं तिचं ठाम मत. म्हणून सकाळी आम्ही सगळे उन्हाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून बसायचो, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, नुसता सदरा घालून दात घासत अंगणभर फिरायचे आणि आई घोंगडी घेऊन त्यांच्या मागे.

"पाठ झाका वो."

"अगं, नांगर धरून धरून निबर झालीय ही पाठ. थंडी शिरायची कुठून?"

"शिरंल तवा मलाच शेकावं लागंल."

जेवणात बाजरी, तीळ, गूळ. आठवड्यातून एकदा हुलग्याचं माडगं, ते मी नाक दाबून प्यायची. कुणी खोकलं की ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीवर. दिवाळीचं आवरलं की दोन आठवडे वाकळांना ऊन दाखवण्यात जायचे. जुन्या लुगड्यांच्या सहा-सात थरांच्या त्या वाकळा इतक्या जड, की कूस बदलायची तर ठरवून बदलावी लागे.

हे सगळं ती पूर्वीपासून करत आली होती. पण दोन हिवाळ्यांपूर्वी जे घडलं त्यानंतर तिच्या काळजीत भीती आली. आक्का, माझी मोठी बहीण, मिरजगावला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला रीतीप्रमाणे माहेरी आली आणि तिला मुलगा झाला. तिची बाज जुन्या माळवदाच्या खोलीत होती. त्या खोलीच्या छताला धूर जायला एक भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणत. पौषात, दहाव्या दिवशी, बाळाची छाती भरली आणि ते गेलं. आई त्या साण्याकडे बघत म्हणाली, "ह्येच्यातनं आलं. वारं लागलं माझ्या लेकराला."

वारं लागणं हा आमच्याकडे आजारच होता. ताप, डोकेदुखी, अंग आखडणं, सगळं त्यात बसायचं. आक्काच्या सासूबाई न्यायला आल्या तेव्हा फार बोलल्या नाहीत. एसटीत चढताना एवढंच म्हणाल्या, "आमच्याकडं ऱ्हाती तर बरं झालं असतं."

दुसरं बाळंतपण सासरीच व्हायचं. पण आई आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीनं मिरजगावला गेली आणि आक्काला मागून आणलं. काय बोलणं झालं ते आक्कानं मला सांगितलं. आई म्हणाली, "इनबाई, एकडाव पुन्ना माझ्यापाशी द्या." सासूबाई बराच वेळ सुपारी कातरत बसल्या आणि म्हणाल्या, "न्या. पन औंदा मला लेकरू हातात पायजे." आई म्हणाली, "देईन."

त्या उन्हाळ्यात अण्णांनी विटांची एक नवी खोली बांधली होती. वर पत्रा, आतून सिमेंटचा गिलावा, एक दार, एक खिडकी. साणं नाही. आईनं ती खोली आक्कासाठी ठरवली आणि कार्तिकापासूनच खोलीच्या फटी बुजवायच्या मागे लागली. पत्र्याच्या नागमोडी कडा भिंतीवर टेकतात तिथे बोट जाईल अशा फटी राहतात. मी शिडीवर उभी राहायची, आई खालून चिंध्या आणि कालवलेली माती द्यायची, मी कोंबायची. खिडकीला गव्हाच्या पिठाची खळ लावून वर्तमानपत्राचे तुकडे. लढाई तोंडावर आली होती, अण्णा गावातून पेपर आणत. मी मजकुराची बाजू आत ठेवून चिकटवत होते, म्हणजे आक्कापाशी बसल्या बसल्या वाचता येईल. आई पेटती वात फटीपाशी धरायची आणि ज्योत हलली की म्हणायची, "हितं आनखी येक तुकडा." चौथ्या दिवशी ज्योत कुठेच हलेना. तिनं अण्णांना बोलावून दाखवलं.

"बघा. चिलटाला पन वाट न्हाई."

"चिलटाचं जाऊ दे," अण्णा म्हणाले, "मला दार तरी ठेवलंस ना?"

मार्गशीर्ष सरता सरता आक्का बाळंत झाली. मुलगी झाली, लहानशी, पण आवाज मोठा. अंघोळ घालायला सुईण यायची. तिला सगळं गाव मावशी म्हणायचं. तिचं माहेर आक्काच्या सासरच्याही पलीकडे, कोरडवाहू ज्वारीच्या मुलखात. आपल्या माहेरच्या गोष्टी सांगत सांगत ती बाळाला पायावर घेऊन चोळायची. अंघोळ झाली की बाजेखाली गोवऱ्यांच्या विस्तवाची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा.

पण या खोलीत गोवरीचा धूर जाणार कुठून. दहा मिनिटांत समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं. आक्काचे डोळे वाहायचे, बाळ खोकायचं, आणि आईला नाइलाजानं दार उघडावं लागायचं. दार उघडताना तिचा चेहरा असा व्हायचा, जणू बाहेर कुणी टपून बसलंय.

सहाव्या दिवशी दुपारी आक्का पडली होती, आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हटलं, "आई, लोहाराकडचा लाकडी कोळसा आणू या. त्याला धूर नसतो."

"धूर न्हाई तर ऊब तरी असती का?"

"जास्त असते. आमच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. धूर म्हणजे न जळलेला भाग. धूर नाही म्हणजे सगळं नीट जळलं."

हे मी किती खात्रीनं म्हटलं ते अजून आठवतं. पुस्तकात ते होतं. पुस्तकात आणखीही दोन ओळी होत्या, त्याच धड्यात, पानाच्या तळाशी. अपुऱ्या हवेत कोळसा जळला तर त्यातून एक विषारी वायू निघतो, त्याला रंग नसतो, वास नसतो. त्या ओळी मी पाठ केल्या होत्या, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण माझ्या समजुतीप्रमाणे त्या ओळी प्रयोगशाळेतल्या बंद बरणीबद्दल होत्या. आमच्या खोलीबद्दल पुस्तकात काही असेल असं मला वाटत नव्हतं.

आईनं संध्याकाळी अण्णांना सांगितलं, "लोहाराकडनं दोन टोपल्या कोळसा आना."

"कशाला?"

"मला पायजे म्हनून."

कल्पना माझी, हे तिनं सांगितलं नाही. मला थोडा रागच आला.

मावशी नेमकी त्याच दिवशी दोन दिवसांसाठी लेकीकडे गेली. सातव्या दिवशी आईनंच दोघींना अंघोळ घातली आणि बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. लालभडक निखारे, धुराची रेघ नाही. बाळ खोकलं नाही. आई भिंतीला टेकून निवांत बसली. बाळंतपण सुरू झाल्यापासून तिला असं बसलेलं मी बघितलं नव्हतं. मला म्हणाली, "कसं झ्याक हाय बघ." दुपारपर्यंत आक्काचं डोकं ठणकायला लागलं.

"वारं लागलं," आई म्हणाली. "दार कुनी उघडं टाकलं व्हतं?"

अण्णांनी टाकलं नव्हतं. मी टाकलं नव्हतं. शेवटी मांजरावर आळ आला. आईनं दाराच्या चौकटीवर आतून वाकळ टांगली, खिडकीवर कागदाचा आणखी एक थर दिला आणि संध्याकाळी शेगडीत ओंजळभर कोळसा जास्त घातला.

आठव्या दिवशी आक्काला मळमळायला लागलं. डिंकाचा लाडू तोंडात घेतला तो उलटून पडला. तिच्यापाशी बसून माझंही डोकं जड झालं होतं. पाटावर पाणी आणायला गेले तेव्हा ते उतरलं, पण चालल्यामुळे उतरलं असेल असं वाटलं. बाळ सारखं झोपत होतं. आईला आधी बरं वाटलं. "गाल बघ कसे लाल झाल्यात. ऊब लागली माझ्या बायीला." संध्याकाळी तिनं बाळाला उठवायचा प्रयत्न केला आणि पुन्हा तसं म्हणाली नाही.

नवव्या दिवशी सकाळी बाळ अंगावर प्यायला तयार नव्हतं. तोंडात दिलं तरी ओठ हलत नव्हते, मान हातावरून घरंगळत होती. आईचा चेहरा मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी साण्याकडे बघताना तो तसाच होता. उद्या दहावा दिवस. ती मोजत होती, मीही मोजत होते. "दुसरी शेगडी काढ," ती मला म्हणाली, "दोनी भर." मी भरायला घेतली.

तेवढ्यात मावशी आली. दारातली वाकळ सारून आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"धूर कसा न्हाई गं?"

"कोळसा हाय," आई म्हणाली. "बिनधुराचा."

मावशीनं खिडकीकडे बघितलं, पत्र्याच्या कडांकडे बघितलं, हातातली वाकळ चाचपून बघितली.

"किती दिस झालं?"

"दोन. आज तिसरा."

"आगं बये, खोलीचं पेव केलंस की तू."

पेव म्हणजे काय ते मला तेव्हा नीट माहीत नव्हतं, आईलाही ऐकूनच माहीत. मावशीच्या माहेरी जमिनीत विहिरीसारखा खड्डा करून त्यात ज्वारी साठवत आणि तोंड बुजवून टाकत. ते पेव. काही महिन्यांनी उघडलं की आत कोंडलेली हवा असायची आणि घाईनं उतरलेला माणूस गुदमरून आतच राहायचा. हे ती एका दमात सांगत होती आणि सांगता सांगता बाजेची एक बाजू उचलत होती. "धर गं तिकडनं. भायेर काढू."

आई दारात उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला.

"भायेर? नऊ दिसांची बाळंतीन, ह्या पौषाच्या वाऱ्यात? मावशे, माझं येक गेलेलं तू बघितलंस."

"बघितलं म्हनून तर सांगते. ते वाऱ्यानं गेलं आसंल. हे बिनवाऱ्याचं जाईल."

आई हलली नाही. बाहेर अण्णा येऊन उभे राहिले होते, काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. वारा सुटला होता, उसाची पाती वाजत होती. आणि मला त्या दोन ओळी आठवल्या, शब्दन् शब्द, पान डावीकडचं होतं हेही.

"आई," मी म्हटलं, "सोड. मावशी बरोबर सांगतीय."

आईनं माझ्याकडे बघितलं. "पुस्तकात हाय?"

"आहे."

तिनं हात खाली घेतले. पुस्तकाचंच ऐकून तिनं कोळसा आणवला होता आणि आता पुस्तकाचंच ऐकून ती दारातून बाजूला झाली. बाळाला तिनं स्वतः उचललं, पदराखाली घेतलं आणि अंगणात आली. मी, मावशी आणि अण्णांनी आक्काची बाज बाहेर काढली. आई जमिनीवर बसली. एरवी उन्हाकडे पाठ करून बसणारी, त्या दिवशी वाऱ्याकडे पाठ करून बसली आणि बाळाला समोर उन्हात धरलं.

आक्काला एक उलटी झाली. मावशीनं तिच्या कपाळाला पाणी लावलं. बाळ तसंच. मावशी त्याच्या तळपायांना टिचक्या मारत होती, पाठ चोळत होती, आईला म्हणत होती, "पदर काढ तोंडावरचा. खाऊ दे वारं तिला." आई पदर बोटभर बाजूला करायची आणि तिचा हात पुन्हा आपोआप तिकडे जायचा. मावशीनं शेवटी तो हात धरून ठेवला. अण्णा सायकल काढून गावात डॉक्टरांना आणायला गेले. ऊन पायरीवरून उतरून तुळशीपर्यंत आलं तेव्हा बाळ शिंकलं. मग चेहरा आक्रसला, आणि थोड्या वेळानं ते रडलं, आधी बारीक, मग नेहमीच्या मोठ्या आवाजात.

"शिंकली," आई म्हणाली. "गार लागलं तिला." आणि मग तिलाच हसू आलं, हसता हसता रडू आलं. मावशीनं बाळ आक्काकडे दिलं. ते प्यायला लागलं. आक्का म्हणाली, "मला च्या मिळंल का कुनाकडनं?"

आई उठली आणि चुलीकडे जायच्या ऐवजी खोलीत गेली. कागद फाटल्याचा आवाज आला. कितीतरी वेळ येत राहिला. चहा मीच केला.

डॉक्टर दुपारी आले. दोघींना तपासून बऱ्या आहेत म्हणाले आणि मावशी जे म्हणाली तेच जरा निराळ्या शब्दांत समजावून गेले. खिडकी उघडी ठेवा, शेगडी बाहेर पेटवा, खोली तापली की काढून घ्या. आईनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "माडगं द्यायचं का?" डॉक्टर हो म्हणाले, तेव्हा तिला डॉक्टर शिकलेले वाटले.

बाराव्या दिवशी आक्काच्या सासूबाई आल्या. स्टँडपासून घरापर्यंत येताना त्यांना कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. पाय धुतले आणि बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "नवव्या दिशी माझी सून अंगनात टाकली व्हती म्हनं?"

"व्हय," आई म्हणाली.

"आन कोळशाची अक्कल कुनाची?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हातात पाण्याचा तांब्या होता. तो घेऊन पुढे जायचं आणि सांगायचं, एवढंच करायचं होतं.

"माझी," आई म्हणाली. "धुरानं लेकरू खोकाय लागलं. मला वाटलं, बिनधुराचा बरा."

"पेव केलं की वो तुमी खोलीचं."

"मावशीबी त्येच म्हनली."

"तुमा बागायतवाल्यांना काय म्हाईत पेव. आमच्याकडं शेंबडं पोरगंबी आधी कंदील सोडतं, त्यो इझला न्हाई तरच मंग उतरतं."

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन बाळाला आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "तुमी म्हनला व्हता, हातात पायजे. घ्या."

सासूबाईंनी कुंची मागे सारली, बाळाला उजेडाकडे धरलं, बराच वेळ निरखलं.

"नाक आमच्या वळनाचं हाय."

"व्हय," आई म्हणाली. "तेवढं सोडलं तर गोड हाय."

सासूबाईंना हसू आवरलं नाही. पण सोडणाऱ्या त्या नव्हत्या. पुढची वीस वर्षं, लग्नात, बारशात, कुठेही भेट झाली की त्या चारचौघींत आईची ओळख करून द्यायच्या, "ह्या आमच्या कोळशेवाल्या इनबाई." आई पदर तोंडावर घेऊन हसायची. अण्णांची गोष्ट निराळी होती. दारातलं आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला होता, की पोरीच्या पुस्तकात होतं म्हणून नात वाचली. गावात ज्याला त्याला तेच सांगत. जूनमध्ये त्यांनी मला नगरला कॉलेजात घातलं. पुढे मी शाळेत शास्त्र शिकवलं. तळाच्या त्या दोन ओळी मी दर वर्षी फळ्यावर सगळ्यात वर लिहायची, आणि मग मुलांना विचारायची की तुमच्या घरी कुठे कुठे कोळसा पेटतो.

आईपाशी हा विषय मी एकदा काढला होता, बऱ्याच वर्षांनी. ती शेंगा फोडत होती. मी म्हटलं, "आई, तेव्हा कोळशाचं मी सांगितलं होतं, आणि बोलणी तू..." तिनं मूठभर शेंगा माझ्यापुढे सारल्या. "हात रिकामा ठिवू नको," म्हणाली. तिथेच ते थांबलं.

तिचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का आणि मी दोघीच घरी होतो. आक्काची ती मुलगी सकाळच्या गाडीनं परत गेली होती. तिचीच मुलं आता कॉलेजात आहेत. आक्का उरलेले तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, की तो कोळसा माझ्या डोक्यातून निघाला होता.

"मला म्हाईत हाय," आक्का म्हणाली. "बाजंवर मीच पडले व्हते न्हवं? काय गावाला गेले नव्हते."

"मग इतकी वर्षं सासूबाईंना बोलू दिलंस आईला?"

"आईनंच बजावलं व्हतं." आक्कानं एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हनली, अण्णा आत्ता कुठं पोरीला नगरला धाडायच्या विचाराला लागलेत. तुझ्या सासूला कुनावर तरी तोंड टाकायचंच हाय, तर माझ्यावर टाकू दे. मला कुठं कॉलेजात जायचंय."